पुंजारामाची पठारावरची माणसं

बायडाबाईच्या तोंडाला आंबेवाडीत सहसा कुणी लागत नाही. बाई मनानं वाईट नाही. कुणी अडलं तर हातातलं काम टाकून धावेल, बाळंतिणीला डिंकाचे लाडू पोचवेल. पण लाडू हातावर ठेवता ठेवता त्या बाळंतिणीच्या नवऱ्याची, सासूची आणि पाळण्याच्या दोरीचीही चूक काढेल. राजूरकडून येणारी जीप फाट्यावर थांबली की बायडाबाईचा आवाज तिथपर्यंत ऐकू येतो, असं जीपवाले सांगतात. त्यातला एक जीपवाला तिचाच मुलगा सुनील आहे, म्हणजे बातमी घरचीच.

नवरा पुंजाराम मात्र अगदी दुसऱ्या टोकाचा. तीन वर्षांमागं तो गेला. उभा जन्म ‘हं’ आणि ‘बरं’ या दोन शब्दांवर काढला त्यानं. बायको बोलायला लागली की हा डोक्याला टापर बांधायचा आणि गोठ्याकडं निघायचा. भाताची आवणी उरकली की गुरं हाकत वर पठारावर जायचा, तो दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीलाच घरी यायचा. मधे पीठमीठ न्यायला उतरला तरी ओसरीवर टेकायचा नाही. वाडीतली टवाळ माणसं म्हणायची, पुंजाबा गुरं चारायला जात नाही, कान निववायला जातो. बायडाबाई हे ऐकून त्यांच्या सात पिढ्या उद्धरायची. पण बोलणं जिव्हारी लागलेलं होतं, कारण तिलाही मनातून तसंच वाटायचं.

ती स्वतः त्या पठारावर लग्नानंतर एकदाच गेली होती, जळणाला. मग पोरं, दुभतं, भाताची खाचरं, सासूचं दुखणं. पठार बाप्यांचं, असा काही नियम कुणी घातला नव्हता, पण तसं पडून गेलं होतं. वर काय आहे, हे तिनं कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी उत्तर ‘हं’ एवढंच आलं असतं.

हल्ली भादव्यात पठारावर फुलं बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात. सुनीलची बायको रेश्मा त्यांना पिठलं-भाकरीचं जेवण करून घालते. त्या दिवशी दिशा नावाची एक पोरगी दुपारची वरून उतरली. चिखलानं माखलेली, पण चेहरा असा उजळलेला की जणू हिला वर गुप्तधन सापडलंय. जेवता जेवता तिनं मोबाईल पुढं केला.

“आजी, वर हे दगडाचे पुतळे कोणी केलेत? किती सुंदर आहेत. कुठंच काही लिहिलेलं नाही, नेटवर पण काही नाही.”

बायडाबाईनं मोबाईल हातभर लांब धरला. फुलांच्या गवतात एक दगडी बैल बसला होता. मान वळवून पाठीवरची माशी हुसकतोय असा. डावं शिंग डोळ्यावर वाकलेलं.

“अगं बया,” ती म्हणाली. “ह्यो तर आमचा मोऱ्या.”

दिशाला काही कळेना. तिनं पुढचं चित्र सरकवलं. एक कुत्रं, शेपटी तुटकी. त्याच्या पुढं एक माणूस, ढेरीवर हात ठेवून झोपलेला.

“ह्यो भुऱ्या कुत्रा. आन् ह्यो हनमंत भावजी. डिट्टो. अशीच ढेरी वर करून झोपतंय मेलं.” मग तिनं स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला, कारण डोक्यात आता पुढचा हिशेब लागला होता. मोऱ्या बैल मरून कित्येक वर्षं झाली होती. त्याचं वाकडं शिंग माहीत असलेला, भुऱ्यावर जीव असलेला आणि हनुमंताच्या शेजारी गुरं राखणारा माणूस एकच होता.

तरुणपणी पुंजाराम रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होता आणि तिथून एक छिन्नी-हातोडी घरी आली होती, एवढं तिला आठवलं. ती हत्यारं पुढं कुठं गेली, याची तिनं कधी चौकशी केली नव्हती. गोठ्याचं दार चार पावसाळे लोंबत होतं तेव्हा ‘तुमच्या हाताला काय लकवा भरलाय का’ म्हणून ती त्या माणसाला तोडून बोलली होती. आणि त्याच हातांनी हे!

“आनखी कोन कोन हाय त्यात?” तिनं दिशाला विचारलं.

“खूप आहेत आजी. मी सगळे नाही काढले. पाऊस आला ना.”

पोरगी संध्याकाळच्या जीपनं गेली. बायडाबाईच्या डोक्यात मात्र भुंगा सोडून गेली. आपला नवरा वर बसून दगडाची माणसं करत होता. बैल केला, कुत्रं केलं, हनुमंतासारखा आळशी केला. मग आपण? एवढी वर्षं ज्या बाईच्या हातची भाकर खाल्ली, तिला त्यानं केलं की नाही? आणि केलं असेल तर कसं? जिवंत असताना ज्या माणसानं बऱ्यावाईटाचा एक शब्द सांगितला नाही, त्याला आपण कशा दिसत होतो, हे कळायचं दुसरं कोणतंच ठिकाण आता जगात उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गुडघ्यांना तेल चोळलं आणि सुनेला म्हणाली, “चल वर.”

“आत्या, तुमचे गुडघे,” रेश्मा म्हणाली.

“गुडघे घेऊनच जायाचं हाय, ठिवून न्हाई.”

चढ म्हणजे जीव काढणारा. बायडाबाई वाटेत दहादा बसली आणि दहाही वेळा पठाराला शिव्या घातल्या. पण वर पोचल्यावर तिचं तोंड आपोआप मिटलं. सगळीकडं पिवळी सोनकी आणि जांभळा तेरडा, मधेमधे पाण्यानं भरलेले खड्डे, आणि त्या सगळ्यात, कुठं उभी तर कुठं बसलेली, दगडाची माणसं. वरचा तो भुरा दगड इतर काळ्या दगडापेक्षा जरा मऊ असतो. पुंजारामानं एकही दगड जागचा हलवला नव्हता. जो जिथं होता तिथंच त्याच्यातून माणूस काढला होता. गुरं त्यांच्यामधून चरत होती आणि एक कालवड दगडी मोऱ्याच्या पाठीला अंग घासत होती.

हनुमंत झोपडीतून बाहेर आला. पुंजारामाचा जन्माचा सोबती. त्यानं वहिनीला वर आलेलं बघितलं आणि त्याची विडी विझली.

“भावजी,” बायडाबाई म्हणाली, “तुमाला समदं ठावं हुतं, व्हय ना?”

“आता वहिनी, ठावं म्हंजे... त्यो करायचा. आमाला वाटलं, असतो एकेकाला चाळा. कुनी पत्ते खेळतं, कुनी दगड फोडतं. त्यो म्हनला, घरी सांगू नको, म्या सांगितलं न्हाई.”

“का नको?”

हनुमंतानं डोकं खाजवलं. “म्हनायचा, ती हसंल.”

खोटं कशाला बोला, बायडाबाई हसलीच असती. नुसती हसली नसती, वाडीभर सांगत फिरली असती की आमच्या ह्यांना आता दगड सुचलेत. हे तिचं तिलाही माहीत होतं, म्हणून तिनं तो विषय तिथंच सोडला आणि शोधायला सुरुवात केली.

पुढचा अर्धा दिवस सासू-सुना लहान पोरींसारख्या पठारभर हिंडल्या. प्रत्येक दगडापाशी बायडाबाई थांबायची, कंबरेवर हात ठेवायची आणि ओळख पटवायची. हा मुरलीधर, दुकानात तराजू तोलतानाही अंगठा लावणारा. बघ, दगडात पण अंगठा सुटला न्हाई. ही माझी सासू, ओठ बघ कसे आवळलेत, मरेस्तोवर ते सुटले नाहीत. हा सुनील, लहानपणचा, शेंबूड पुसताना. रेश्माला नवऱ्याचा तो पुतळा इतका आवडला की तिनं त्याचे धडाधड फोटो काढले. एका ठिकाणी तर शेळी होती. शेजारणीची. बायडाबाईनं त्या शेळीकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

उन्हं कलायला लागली तसा तिचा आवाज खाली आला. सगळी वाडी सापडली होती. कोंबडा सापडला, लंगडा पोस्टमन सापडला. रेश्मासुद्धा सापडली, नवी नवरी असतानाची, डोक्यावरचा पदर सावरताना. सापडली नव्हती ती एकटी बायडाबाई.

“शेजारनीची शेळी केली,” ती म्हणाली आणि ओल्या गवतात बसकण मारली. “शेळी केली गं रेश्मा. मी काय त्या शेळीपरीस बी गेले?”

 रेश्मानं सासूला भांडताना रोज बघितलं होतं, असं बघितलं नव्हतं. हनुमंत दुरून हे सगळं पाहत होता. त्याच्यानं राहवलं नाही. तो जवळ येऊन म्हणाला, “वहिनी, एक हाय आजून. पन ती... ती देवी हाय.”

“कुठली देवी?”

“कड्यावरली आई. आमी समदे गुराखी पुजतो तिला. लई जागृत हाय. एका साली आमी आवनी उरकून वर आलो, तर कड्याच्या टोकाला बाई उभी. आधी नव्हती. आन् पुंजाबाची मानसं समदी वळखू येत्यात, ही कुनालाच वळखू येईना. आता देवी आपसूक परगटली म्हनल्यावर शेंदूर नको लावाया? राजूरच्या बाजारातून चांदीचे डोळे बी आनले म्या.”

“आन् ह्यांनी काय म्हनलं?”

“पुंजाबानं? ‘हं’ म्हनला.”

बायडाबाई गुडघे विसरून उठली.

पठाराच्या अगदी टोकाला, जिथून पुढं दरी आहे, तिथं ती देवी होती. बसलेल्या माणसाएवढी उंच. वर्षानुवर्षांच्या शेंदरानं फुगलेली, तेलानं चकाकणारी. एक हात कमरेवर. चांदीचे डोळे वटारलेले, आणि त्यांच्या खाली हे एवढं मोठं गोल नाक.

बायडाबाई बराच वेळ त्या नाकाकडं बघत राहिली. तिचं स्वतःचं नाक बारीक होतं, आणि त्याचा तिला अभिमानही होता. “ही मी न्हाई,” ती म्हणाली. मग म्हणाली, “शेंदराखाली काय हाय कुनाला ठावं. भावजी, ह्यो शेंदूर उतरवा.”

हनुमंत दोन पावलं मागं सरला. देवीचं कवच असं माणसाच्या मर्जीनं काढता येत नाही. ते तिला टाकायचं तेव्हा ती टाकते, नाहीतर कौल मागावा लागतो. गुराख्यांपैकी कुणाच्याही घरी लग्नाचं, म्हशीचं, बोअरचं काही अडलं तर हनुमंतच या देवीला कौल लावायचा. रीत सोपी. दोन फुलं पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. देवीचं उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

“मग लावा कौल,” बायडाबाई म्हणाली.

हनुमंतानं सोनकीची दोन फुलं लावली, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं, “आई, ही पुंजाबाची कारभारीन. हिच्या मनात तुजा शेंदूर उतरवायचं हाय. तुजी मर्जी असंल तर उजवं दे, नसंल तर डावं दे.” आणि तिघं जण फुलांकडं बघत बसले. बायडाबाईला मनात हसू पण येत होतं. ही जर आपणच असलो, तर आपण आपल्यालाच विचारतोय की बाई, तोंड दाखवतेस का.

वाऱ्याची झुळूक आली. बघणाऱ्याच्या उजव्या हाताचं, म्हणजे देवीचं डावं, फूल खाली पडलं.

“न्हाई म्हनली,” हनुमंत म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं. “आता देवीच न्हाई म्हनल्यावर माझा इलाज न्हाई, वहिनी.”

बायडाबाईनं भांडण केलं नाही. ती देवीसमोर तशीच बसून राहिली, हरलेल्या माणसासारखी, आणि नजर आपसूक खाली गेली. शेंदराचा थर वर जाड होता, खाली पायाशी पातळ. तिथं दगडातल्या लुगड्याच्या निऱ्या दिसत होत्या. निऱ्यांच्या वर, हनुमंत ज्याला देवीचं पोट समजून हळदकुंकू वाहायचा तिथं, मधोमध एक पट्टा वर जाऊन कमरेत खोवलेला होता.

आता लुगडं नेसणाऱ्या बाईला हे काही कुणी सांगावं लागत नाही. तो कासोटा होता. आणि कासोटा जगातली कोणतीही बाई पोटावर खोचत नाही, देवी असली तरी. बायडाबाईनं हळूच मान वर केली. त्या मोठ्या गोल नाकाकडं बघितलं. मग आपला हात स्वतःच्या मानेमागं नेला आणि अंबाडा चाचपला.

“भावजी,” ती अगदी गोड आवाजात म्हणाली, “ह्या देवीच्या पलीकडं कधी गेलाय का कुनी?”

“पलीकडं? कड्यावर? खुळी का काय तुमी? तिकडं आग्यामोहोळ हाय. पुंजाबानं सवताच्या डोळ्यानं बघितलंय. तवाच सांगितलं त्यानं, तिकडं कुनी फिरकायचं न्हाई.”

“बरं,” बायडाबाई म्हणाली आणि उठून सरळ देवीला वळसा घातला. मागून रेश्मानं हाक मारली, हनुमंत ओरडला, पण तिनं दगडाला धरून पाऊल टाकलं होतं.

पलीकडं मोहोळ नव्हतं. दोन माणसं जेमतेम बसतील एवढी सपाट जागा होती आणि पुढं खोल दरी. तळाशी आंबेवाडीची कौलं. बायडाबाईनं दरीकडं बघितलंच नाही. तिच्यासमोर ती स्वतः उभी होती.

या बाजूला शेंदराचा टिपूस नव्हता. पावसानं धुतलेला स्वच्छ दगड, गालावर थोडं दगडफूल धरलेलं. बारीक नाक. लोंबलेल्या कानांच्या पाळ्या. एक भुवई वर चढलेली, समोरच्यानं काहीतरी चुकवलं की चढते तशी. आणि तोंड उघडं. चांगलं उघडं, वरच्या दातांतली फटसुद्धा दिसेल एवढं. पुंजारामानं तिला बोलताना केली होती.

पहिल्यांदा तिला संतापच आला. म्हणजे गेल्यावरही हाच आहेर! वाडी ज्या तोंडाला हसते तेच तोंड दगडात कायमचं करून ठेवलं. एवढी माणसं मुकी केली आणि बायको तेवढी बडबडी. ती काहीतरी बोलायला गेली, आणि तोल सावरायला मागं हात टेकला, तर तो एका दगडावर पडला.

साधाच दगड होता, बसण्याइतका. आजूबाजूचा सगळा कातळ खरबरीत आणि हा मात्र मधे गुळगुळीत झालेला, घरातला उंबरा होतो तसा. शेजारी विझलेल्या विड्यांची थोटकं खोल कोरड्या खोबणीत खोचलेली. बायडाबाई त्या दगडावर बसली. बसल्यावर तिचा आणि दगडातल्या बायडाबाईचा चेहरा समोरासमोर आला, दीड हातावर. पाठ दरीकडं झाली. ज्या दरीचे फोटो काढायला माणसं पुण्याहून येतात, तिच्याकडं पाठ करून हा माणूस इथं बसायचा. एकदोन दिवस नाही, दगड झिजेपर्यंत.

मोहोळाची थाप कशासाठी होती, ते तिला आता कळलं. लोकांनी अंबाड्याला डोळे लावले तेव्हा हा नुसता ‘हं’ का म्हणाला, तेही कळलं. पाठ लोकांना पुजायला देऊन त्यानं तोंड स्वतःपाशी ठेवलं होतं. आणि तिच्या ध्यानात आलं की पाठीकडून उजवं-डावं फिरतं. मघाशी पडलेलं फूल उजवंच होतं.

“आत्या,” पलीकडून रेश्माचा रडवेला आवाज आला. “आत्या, बऱ्या हाव ना?”

बायडाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि दगडाला धरत धरत परत आली. हनुमंत पांढराफटक पडला होता.

“चावलं का काही? काय हाय वहिनी तिकडं?”

बायडाबाईनं त्याच्याकडं बघितलं. या भल्या माणसानं इतकी वर्षं याच देवीला कौल लावून पोरींची लग्नं ठरवली होती, बैल विकले होते, विहिरींच्या जागा नेमल्या होत्या. सगळेच कौल उलटे होते, हे त्याला आता सांगायचं म्हणजे त्याचा सगळा जन्म त्याला पुन्हा मांडावा लागला असता. खरं तर हनुमंताची दया हे निमित्त झालं. पलीकडं जे होतं ते तिला कुणाला द्यायचंच नव्हतं.

“काय असायचंय,” ती म्हणाली. “देवीची पाठ हाय. आन् मोहोळ हाय, हे एवढं. कुनी जाऊ नगा.”

मग तिनं हनुमंताच्या वाटीतला शेंदूर बोटावर घेतला, आपल्याच दगडी अंबाड्याला नीट लावला आणि हात जोडले.

उतरताना रेश्मा पुढं होती, सासूचा हात धरून. अर्धी वाट उतरेस्तोवर बायडाबाई एक अक्षर बोलली नाही, आणि त्याचीच रेश्माला धास्ती वाटायला लागली. शेवटी तिनं विचारलं, “आत्या, मग तुमी कुठंच न्हाई का वर?”

“हाय.”

“कशा केल्यात?”

बायडाबाई वाटेतल्या एका दगडावर टेकली. वर पठारावरून गुरांच्या घंटा ऐकू येत होत्या. तिनं सुनेचा हात सोडला नाही.

“आगं, एवढं ऐकायचं हुतं,” ती म्हणाली, “तर घरीच बसायचं हुतं की त्या मानसानं.”